टाक्याचं पाणी आणि पेनाएवढा दिवा

मंडळी, गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी गार लागतं, म्हणून ते चांगलंच असणार, हा समज आपल्या ट्रेकर मंडळींत अजून घट्ट आहे. टाकं पावसाळ्यात तुडुंब भरतं. पण पोटात झरा नसेल तर पुढच्या जूनपर्यंत त्यात नवा थेंब पडत नाही. मधल्या आठ महिन्यांत माकडं, गुरं आणि रविवारची गर्दी तिथेच येते. काठावर बसून ताटं विसळणारेही आपलेच असतात, हे आधी बोलून टाकतो.

आता हा पाणी शुद्ध करणारा दिवा. दिसायला जाडसर पेन. बाटलीत बुडवायचा, बटण दाबायचं आणि ढवळत राहायचं. नेहमीच्या मॉडेलला अर्ध्या लिटरला पाऊण मिनिट, लिटरला दीड मिनिट पुरतं. आतून निघतो तो 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश. तो जंतूच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटवून टाकतो. जंतू लगेच मरतोच असं नाही, पण त्याला पिलावळ वाढवता येत नाही, आणि पोट बिघडायला ती पिलावळच लागते. साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून दिव्याभोवतीची नळी क्वार्ट्झची असते.

यात आपला एक माणूस आहे. मुंबई विद्यापीठात शिकलेले, पुढे अमेरिकेत बर्कलीला संशोधन करणारे अशोक गाडगीळ. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलऱ्याची नवी जात भारतात पसरली, तेव्हा त्यांनी खेड्यांसाठी स्वस्त यंत्र बनवलं. त्यांनी दिवा पाण्यात बुडवलाच नाही, वाहत्या पाण्याच्या वर टांगला. बुडालेल्या नळीवर क्षारांची पुटं चढतात आणि प्रकाश अडतो. ती कटकटच मिटली. आपलं पेन मात्र बुडतं, तेव्हा घरी आल्यावर नळी मऊ फडक्याने पुसायला विसरू नका.

क्लोरीनचे थेंब स्वस्त आहेत, मग हा खर्च कशाला? क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, त्याला क्लोरीन फारसं बाधत नाही. 1993 साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून त्याने सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडलं. हाच परजीवी अतिनील प्रकाशापुढे अगदी लेचापेचा ठरतो. उलट अ‍ॅडेनोव्हायरस नावाचा विषाणू प्रकाशाला बराच चिवट आहे. म्हणजे क्लोरीन आणि दिवा, दोघांचेही कच्चे दुवे आहेत. मी स्वतः दिवा नेतो आणि क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टीही सॅकमध्ये असते.

खरी गोम गढूळ पाण्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये टाक्याच्या तळाशी उरलेलं हिरवट पाणी बाटलीत भरून त्यात दिवा फिरवणं म्हणजे निव्वळ करमणूक. निळसर उजेड झकास दिसतो, वेळ संपली की बाटली तयार झाल्याची खूणही मिळते, पण मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूपर्यंत प्रकाश पोचतच नाही. यंत्र वेळ मोजतं, पाणी तपासत नाही. तेव्हा आधी सुती फडक्याची चार पदरी घडी करून गाळा. बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी साडी अशीच घडी घालून पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले होते, कारण तिथे ते जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात. गाळूनही पाणी गढूळच राहिलं तर तुरटी फिरवा, गाळ खाली बसेपर्यंत थांबा आणि वरचं निवळ पाणी हलकेच ओतून घ्या. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्या पोचल्या हे करून ठेवलं की घाई होत नाही. शेताखालच्या ओढ्यात औषधफवारणी उतरली असेल तर मात्र दिवा, फडकं, तुरटी, काहीच उपयोगाचं नाही. पाणी दुसरीकडे शोधा.

दिवा फिरवला तरी बाटलीच्या आट्यांमध्ये अडकलेले थेंब तसेच राहतात. टोपण लावण्याआधी तोंड कोरडं पुसा. पाणी लगेच संपवा, उन्हात ठेवू नका. क्लोरीनसारखा मागे राहून राखण करणारा अंश यात नसतो, आणि काही जंतू उजेडात आपला डीएनए पुन्हा दुरुस्त करून घेतात.

हिमालयात जाणाऱ्यांनी बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं, थंडीत ती पटकन मान टाकते. आणि बॅटरी गेलीच तर उकळणं आहेच. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळा. सह्याद्रीत कळसूबाईचं शिखरच 1646 मीटरचं, तेव्हा इथे कुठल्याही गडावर एक मिनिट पुरतं.

समोरून प्रश्न आलाय: दिवा बाटलीतच फुटला तर? बहुतेक पेनांत थोडा पारा असतो. ते पाणी गाळून, उकळून, कसंही प्यायचं नाही, आणि टाक्यात किंवा ओढ्यात ओतायचंही नाही. काचांसकट बाटलीचं टोपण घट्ट लावा आणि खाली घेऊन या.