सोमवारी देव कुठं असतो?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात कापणीच्या सणानिमित्त झालेल्या सभेतलं व्याख्यान. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

भावांनो, मायबहिणींनो, सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रातून एक प्रश्न विचारला होता. तुम्ही देवाचं मंदिर आहात आणि देवाचा आत्मा तुमच्यात राहतो, हे तुम्हाला ठाऊक नाही का? पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन. आपण ते फ्रेम करून भिंतीला लावतो. पण लिहिलंय कोणाला, ते जरा बघा. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला काही जण खाऊन-पिऊन तर्र, आणि गरीब तिथंच उपाशी. अशा लोकांना पौल 'आधी सुधरा, मग देव राहायला येईल' असं म्हणत नाही. तो म्हणतो, राहतोच आहे. आणि तरी तुम्ही असे वागता? आपल्या मंडळीच्या कमिटीच्या निवडणुकीबद्दल मी काही बोलत नाही. हसलात, म्हणजे समजलं.

देवाचं आत राहणं आपल्या आठवणीच्या भरवशावर चालत नाही. तुम्ही दिवसभर विसरलात म्हणून तो उठून जात नाही. विसरल्यानं बिघडतं ते आपलं. तोंड सुटतं, हात मोकाट सुटतात, आणि संध्याकाळी गुडघे टेकताना आपल्याला वाटतं की आता देवाकडे जायचंय.

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. उपवास-प्रार्थनेला ढोलकी वाजते, डोळ्यांत पाणी येतं, अंगावर काटा येतो, की आपण म्हणतो, आज प्रभू आला होता. मग मंगळवारी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीत फिरताना काहीच वाटत नाही, तेव्हा तो गेला होता काय? योहानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे पिता आणि मी येऊ आणि त्याच्याजवळ राहू. बोलणं मुक्कामाचं आहे. पाहुणा येणार असला की आपण पेटीतली चादर काढतो, आवाज खाली आणतो. घरचा माणूस मात्र आपल्याला धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडतानाही बघतो आणि उसने पैसे बुडवताना काय थापा मारतो तेही ऐकतो. देवाला आपण इतकी वर्षं पाहुण्याच्याच खुर्चीत बसवलंय, असं मला वाटतं.

इथं कोणीतरी विचारेल, विचारतातही. आपल्या गावात शेजारी संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसतात; तुकडोजी महाराजांनी लावलेली शिस्त आहे ती. त्यांच्यातला एखादा म्हणतो, "देव देहात आहे हे आम्हीबी म्हणतो ना जी, मग तुमचं वेगळं काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्यावर चिडायचं कारण नाही. माणूस मुळातच देव आहे असं आपण मानत नाही. घडवणारा वेगळा, माती वेगळी. ख्रिस्त मेला आणि उठला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवल्यावर त्याचा आत्मा आपल्याला दान मिळाला. दान म्हटलं की मिरवायला जागा राहत नाही. एवढं सांगावं आणि चहा प्यावा.

आता हे रोजच्या कामात कसं धरायचं? सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस होता, १६९१ मध्ये वारला. आधी शिपाईगिरी केली, जखमी होऊन पाय अधू झाला. मग एका साहेबाकडे नोकर राहिला. तिथं हातून सारखं काहीतरी फुटायचं. मठात आला तर वाट्याला स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकाचा तर त्याला पहिल्यापासून कंटाळा. वर्षानुवर्षं त्यानं तिथंच काढली, पुढं चपला शिवायचं काम केलं. मठासाठी वाइन खरेदी करायला एकदा त्याला बर्गंडीला पाठवलं. व्यवहारात डोकं चालत नाही, पाय धड नाही. बोटीवर चालता येईना, तेव्हा पिंपांवरून लोळत लोळत गडी इकडून तिकडे जायचा. देवाला मात्र त्यानं सांगून टाकलं होतं की हे काम तुझं आहे. आणि काम नीट पार पडलं.

त्याची पद्धत अगदी साधी. कामाच्या मधेमधे देवाशी दोन शब्द बोलायचे. मन भटकलं की परत वळवायचं. चूक झाली तर ती कबूल करायची, तू मला माझ्यावर सोडलंस तर मी हेच करणार असं म्हणायचं, आणि लगेच पुढच्या कामाला लागायचं. तीन दिवस तोंड पाडून बसायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिली दहा वर्षं फार जड गेली असं त्यानंच पत्रात लिहून ठेवलंय. सभेत हात वर केला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं जमलं, अशा साक्षी ऐकल्या की मला म्हणून जरा धाकधूक वाटते.

मठातल्या माणसाचं ठीक आहे, आम्हाला वेळ कुठं, असं म्हणाल तर बायबलमधला नहेम्या घ्या. शूशनच्या राजवाड्यात पारसाच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाच्या हाती पेला देणारा सेवक. राजा विचारतो, तुझं तोंड का उतरलंय, तुला हवं काय? नहेम्या लिहितो की मी स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये प्रार्थना! गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत. राजाला कळलंसुद्धा नसेल. पण हेही बघा की किसलेव महिन्यात यरुशलेमची वाईट बातमी आली तेव्हापासून निसानपर्यंत, म्हणजे चारेक महिने, तो उपास आणि प्रार्थना करतच होता. ज्याला सकाळी देवाशी बोलायची सवय नाही त्याला दरबारात एकदम सुचत नाही.

दरबार आपल्यालाही आहे. कापसाची गाडी घेऊन तुम्ही जिनिंगवर उभे असता. ग्रेडर कापसात कोपरापर्यंत हात खुपसतो, खालचा मूठभर काढतो, दाबून बघतो आणि म्हणतो, "ओला हाय भाऊ, भाव कमी लागंल." रक्त उसळतं. त्याचं बोलणं आणि तुमची शिवी यांच्यात जेवढी जागा असते, तेवढीच नहेम्याला मिळाली होती. प्रार्थना केली की भाव वाढतो, असं मी सांगत नाही. ओलावा मोजायचं यंत्र लावा म्हणा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत कपात नसते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात. हे माहीत असावं आणि ठणकावून बोलावं. देव आत आहे म्हणजे हक्क सोडा, असा अर्थ नाही. फक्त बोलताना तो ऐकतोय.

दुसऱ्याच्या काट्यापाशी आपल्याला देव लवकर आठवतो. आपल्या काट्यापाशी?

वेचणीची संध्याकाळ तुम्हाला सांगायला नको. बाया ओटीतला कापूस गठुड्यात भरतात, जुन्या लुगड्याच्या चार टोकांना गाठ मारतात आणि रांगेनं आणतात. लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगलेला. गठुडं आकड्याला अडकवलं की काटा थरथरतो, खालीवर होतो. तो थांबायच्या आत कोणीतरी म्हणतं, "तेवीस." लिहिणारा तेवीस लिहितो. थांबला असता तर चोवीसला टेकला असता. त्या माऊलीची नजर अधू, अंधार पडत आलेला, घरी लेकरू. ती "भाऊ, नीट पाहा ना जी" म्हणते किंवा तेही म्हणत नाही. वेचणीची मजुरी किलोवर. एक किलो म्हणजे तिच्या घरात चहापत्ती येते की नाही, एवढी गोष्ट.

माझ्या मते आत राहणाऱ्या देवाची आठवण जर कुठं ठेवायची असेल तर त्या थरथरत्या काट्यापाशी. तो थांबेपर्यंत थांबायचं. एवढीच ती साधना, तिला अर्धा मिनिट लागतो. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. आपण चुकारा बाजाराच्या दिवशी करतो. मजुरांशी तसं ठरलं असेल तर चालेल. पण बाजाराच्या दिवशीही "पुढल्या हप्त्यात" म्हणता, तेव्हा याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून वाचा. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलं आहे. ज्याच्या कानी गेलंय, तोच तुमच्यात राहतो. त्याला कुठं लांबून ऐकू यायचंय? आणि वेचणारी बाई विश्वासात असेल तर तो तिच्यातही राहतो. म्हणजे गठुड्याच्या दोन्ही बाजूंना तोच. रात्री कापसावर पाणी मारून सकाळी गाडी भरणाऱ्याबद्दल वेगळं बोलत नाही, त्याला कळलंच असेल.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांभाळून बोलायला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी जीव दिलेल्यांची घरं प्रत्येकाला माहीत आहेत. अशा घरात जाऊन कोणी विश्वासी म्हणतो, देव आत असता तर असं झालं नसतं, विश्वास कमी पडला. कृपा करून असं बोलू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. आत राहणारा देव नेहमी गाणंच म्हणतो असं नाही, तो कण्हतोही. बोंडअळीनं वावर खाल्लं, बँकेची नोटीस आली, माणूस जागलीवर मचाणावर एकटा बसलाय आणि तोंडातून 'बापा' एवढंही निघत नाही. त्या वेळी त्याला काही वाटत नसलं तरी आत प्रार्थना चालू असते. पण ही गोष्ट त्याला फोनवर वचन पाठवून कळणार नाही. कोणीतरी मचाणापर्यंत जावं लागेल, बिडी-काडीच्या गप्पा माराव्या लागतील, कर्ज किती आणि कोणाचं हे विचारावं लागेल, आणि जमलं तर सकाळी त्याच्यासोबत बँकेत जावं लागेल.

प्रश्न असतील ते जेवणानंतर घेऊ. ज्यांना जागलीला निघायचंय त्यांनी पुढं या, तुमच्यासाठी आधी प्रार्थना करतो. आणि आज रात्री कोणाच्या वावरात कोण सोबतीला जाणार, ते जायच्या आधी इथंच ठरवून टाका.