घंटेवरचा आकडा

[वाई ते मेणवली रस्ता, सायकली, सकाळ]

वाईपासून तीनेक किलोमीटर. सातवी-आठवीची पोरं निघालीत मेणवलीला. घाट बघायला नाही हां, घाट त्यांनी शंभर वेळा बघितलाय आणि तुम्हीपण सिनेमात बघितला असेलच. आज काम घंटेकडं आहे.

[घंटा, लांबून, मग एकदम जवळून]

ही ती. पंचधातूची, वजन साडेसहाशे किलो. कोण म्हणतं? घाटावर सगळेच म्हणतात, आम्ही काही काट्यावर घातली नाही. पण हे बघा, इथं बोट फिरतंय तिथं, मरियामाता, कडेवर बाळ येशू, आणि साल, १७०७. महादेवाच्या देवळाशेजारी चर्चची घंटा, आमचा कॅमेरावाला इथून हलायलाच तयार नव्हता.

[प्रकल्प वही, पानं उलटताना]

आता ही वही. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, विषय सांगायचा, पानं मोजून पैसे द्यायचे, घरी येऊन कापून चिकटवायचं. त्यात छापलंय, ‘वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ही घंटा नाना फडणवीसांना भेट दिली.’ आणि शेवटच्या पानावर लाल स्केचपेननं, खाली दोन रेघा मारून, संदर्भ : गूगल, इंटरनेट. हसू नका, आपण पण हेच केलंय, फक्त आपल्या वेळी तिथं ‘शिक्षक व पालकांचे मार्गदर्शन’ असायचं.

[वर्ग, जमिनीवर पसरलेल्या चिठ्ठ्या]

बाईंनी वही परत दिली आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं ठेवला. एक माहिती, एक चिठ्ठी. पुढच्या बाजूला माहिती, तीही आपल्या शब्दात, मागच्या बाजूला ती कुठं मिळाली ते. पुस्तक असेल तर लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल आणि पान नंबर, पान नंबर नसला की चिठ्ठी परत, बाई त्यात कुणाचं ऐकत नाहीत. वेबसाइट असेल तर पानाचं नाव, साइटचं नाव, आणि आपण बघितलं ती तारीख, कारण उद्या ते पान बदललं तर? माणूस असेल तर कोण, कुठल्या गावचे, कधी बोललो. घाटावरच्या आजोबांना पोरांनी तारीख विचारून घेतली तेव्हा त्यांनी आधी चष्मा शोधला, हे बघा, इथं.

[ग्रंथालय, विश्वकोशाचे खंड]

वाईच्या पोरांचं एक बरं आहे, मराठी विश्वकोशाचे खंड त्यांच्याच गावात संपादित झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा, ‘अंक’ ते ‘आतुरचिकित्सा’. पोरांनी खंड आधीपण उघडलेत, पण नोंदीच्या अगदी तळाशी बारीक टायपात ‘संदर्भ’ असतात आणि लिहिणाऱ्याचं आडनाव असतं, हे कुणी बघितलंच नव्हतं, कारण उतरवून घ्यायचं ते सगळं वरच असतं ना! विकिपीडियाचं पण तसंच, वाक्याच्या शेवटी तो छोटा निळा नंबर असतो, तो दाबला की खाली कुठल्यातरी पुस्तकाचं नाव निघतं. बाईंचा नियम असा की नंबर नसलेलं वाक्य चिठ्ठीवर घ्यायचं नाही, आणि नंबर असला तरी विकिपीडियाचं नाव लिहून मोकळं व्हायचं नाही, त्या नंबरमागचं पुस्तक गाठायचं.

[चिठ्ठ्या सालवार लावताना, वरून]

मग चिठ्ठ्या सालाप्रमाणे लावल्या. १७०७, घंटेवरचं साल. १७३९, वसई मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली. डिसेंबर १७४०, चिमाजी अप्पा वारले. फेब्रुवारी १७४२, नाना फडणवीसांचा जन्म. कोपऱ्यात बसलेली ही मुलगी बघत राहा, ती आधी एक चिठ्ठी उचलते, परत ठेवते, दुसरी उचलते.

‘बाई, अप्पा तर आधीच गेले की. मग दिली कुणाला?’

[इथे निवेदन नाही. वर्ग.]

दुकानातल्या त्या एका वाक्याचं एवढंच आयुष्य होतं. मग घंटा इथं टांगली कुणी, कधी? त्याची चिठ्ठी अजून कोरी आहे. ‘घंटा वसईहून आणली’ याच्यापुढं पोरांनी ‘असं सांगतात’ जोडलं, आणि कोण सांगतं तेही लिहिलं, म्हणजे तेच आजोबा, तारखेसकट. आणि गंमत बघा, समोर नानांचा वाडा दिसतोय ना, त्यातलंच मेणवली दप्तर, ढीगभर कागद, इतिहासकार द. ब. पारसनीसांकडं गेले आणि पेशवाईवर लिहिणारे ते आजपण धुंडाळतात. म्हणजे पुराव्याचे कागद निघाले याच गावातून, आणि याच गावच्या घंटेची गोष्ट मात्र झेरॉक्सवरून.

मार्क? सगळ्यांना सारखेच पडले, चिकटवणाऱ्यांनापण. पुढं.

[वहीचं शेवटचं पान, मग घंटा]

हे नवीन शेवटचं पान. संदर्भ एक ते सात, दोन पुस्तकं पान नंबरासकट, विश्वकोश, एक वेबसाइट, आजोबा, वसईचा नकाशा. सातवा वाचा.

‘घंटा, मेणवली घाट. स्वतः पाहिली. आकडा हात लावून वाचला.’

[घंटा वाजते]