रात्रशाळेच्या दारापाशी थांबणारे नाटक

मित्रहो, मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सादर केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून निघतो आणि १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या, वि. ज. कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या नाटकापाशी येऊन पोचतो. या दोन मुक्कामांच्या मध्ये, १८५५ साली, पुण्यातल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या शिक्षकाने 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले, याचा उल्लेख माझ्या विद्यार्थिदशेत एकाही तासाला झाला नव्हता. ते शिक्षक म्हणजे जोतीराव फुले. समाजसुधारक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. आज मला त्यांच्याविषयी नाटककार म्हणून बोलायचे आहे.

१८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या या माणसाला नाटक का लिहावेसे वाटले असेल? मला वाटते, शाळेत येणाऱ्यांना शिकवता येते, पण जे शाळेच्या पायरीपर्यंतच पोचत नाहीत त्यांच्याशी कसे बोलायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा राहत असणार. नाटकाचे कथानक अगदी साधे आहे. एका गरोदर कुणबी बाईच्या दारात भिक्षेला आलेला जोशी तिला ग्रहांची भीती घालतो. पोटातल्या बाळावरचे संकट टाळायचे म्हणून ते गरीब जोडपे खर्चात आणि कर्जात ओढले जाते. येथे फुल्यांमधला शिक्षक दिसतो. शोषण वाईट आहे असे नुसते सांगून ते थांबत नाहीत, तर शोषण कसे घडते ते ते पायरीपायरीने उलगडून दाखवतात: आधी आपुलकीची चौकशी, मग राशीची विचारपूस, मग अर्धवट सोडलेले भीतीचे वाक्य, आणि त्यानंतरच उपाय.

काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षकांच्या एका शिबिरात या प्रवेशाचे वाचन केले. जोशाची भूमिका करणारा तरुण बोटांच्या पेरांवर आकडेमोड करता करता मध्येच गप्प झाला, आणि त्या गप्प राहण्याच्या क्षणी समोरच्या बाईंचा हात नकळत पोटाकडे गेला. तसे कोणी सुचवले नव्हते. संहितेतही तशी सूचना नाही. पण भीतीचा व्यवहार शब्दांच्या मधल्या जागेत होतो, हे त्या बाईंच्या हाताने आम्हाला शिकवले.

जोडप्याला जे दिसत नाही ते प्रेक्षकाला दाखवण्याचे काम विदूषकाकडे आहे. भाव्यांच्या पौराणिक खेळांतून लोकांच्या ओळखीचे झालेले हे पात्र फुल्यांनी उचलले आणि त्याला हसवण्यापलीकडचे काम दिले: तो घटना थांबवतो, तिच्यावर भाष्य करतो, प्रेक्षकाला विचार करायला भाग पाडतो. नाटकात येणाऱ्या ख्रिस्ती पाद्र्याच्या तोंडची लांबलचक विवेचने मात्र मला आजही जड वाटतात. तेथे नाटककार मागे सरतो आणि वाद घालणारा पुढे येतो. तरीही शेवट विलक्षण आहे. ते जोडपे फुल्यांच्याच रात्रशाळेत शिकायला जायचे ठरवते, आणि प्रौढांसाठीची तशी शाळा फुले पतिपत्नींनी त्याच १८५५ साली पुण्यात खरोखर सुरू केली होती. म्हणजे पात्रांनी जिकडे पाऊल उचलले, तिकडे प्रेक्षकालाही त्याच संध्याकाळी चालत जाता आले असते.

मात्र हे नाटक तेव्हा प्रेक्षकांपर्यंत पोचलेच नाही. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे, म्हणजे मराठी पुस्तकांना बक्षिसे देणाऱ्या सरकारी समितीकडे, पाठवले, आणि तेथील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त नोंदवले आहे. छापील रूपात ते लोकांसमोर आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकातून. दरम्यान फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचे जलसे गावोगाव फिरले. भट आणि कुणबी यांची तीच झोंबी त्यांनी तमाशाच्या बाजात मांडली, कंदिलाच्या उजेडात, ज्यांना नाटकगृहाचे तिकीट कधीच परवडले नसते अशा लोकांसमोर. म्हणून या नाटकाचा प्रयोग करणाऱ्यांना माझी एकच विनंती असते: तो एखाद्या शाळेच्या वर्गात करा, रात्री करा, आणि शेवटी फळ्यावरचा दिवा चालू राहू द्या.