आधी पाणी, मग हात

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीच्या वेळी एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब कधी निरखून पाहिलंय का? गाडी नवी असते, नुकतीच धुतलेली असते, तरी त्या प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा गोलगोल फिरलेल्या दिसतात. खरं तर त्या रेघा गोल नसतातच. त्या वाटेल त्या दिशेने पसरलेल्या असतात. प्रकाशाला ज्यांची कड आडवी येते तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्यांना चक्र दिसतं. दिवा हलवला की चक्रही त्याच्याबरोबर सरकतं. म्हणजे ओरखडे सगळ्या पत्र्यावर आहेत. आणि त्यातले बहुतेक रस्त्यावर पडलेले नाहीत. ते गाडी धुताना आणि पुसताना पडले आहेत. ज्याचा गाडीवर जीव आहे त्याच्याच हातून ते जास्त पडतात, कारण तोच तिला सारखा पुसत असतो.

आज मला स्पोर्ट्स कार धुण्याविषयी बोलायचंय. धुण्यात काय एवढं बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या अनुभवात गाडीच्या रंगाचं सगळ्यात जास्त नुकसान याच अर्ध्या तासात होतं, आणि ते जवळजवळ सगळं टाळता येतं.

आधी हा रंग असतो तरी किती जाड, ते ऐका. आजकालच्या गाडीवर पत्र्यालगत प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. आपल्याला जी चमक दिसते ती याच थराची. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीचं सगळं तेज एका केसाहूनही पातळ थरावर टिकून असतं. ओरखडे काढायला पॉलिश करतात तेव्हा ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणला जातो. असं किती वेळा करणार? आणि रस्त्यावरच्या धुळीत असते वाळू, म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. कठीणपणा मोजण्याच्या मोहस पट्टीवर क्वार्ट्झ 7 वर आहे, तर खिडकीची काच 5.5 च्या आसपास. काचेवर चरा पाडणारा कण क्लिअर कोटची काय गत करेल, ते वेगळं सांगायला नको. तो कण नुसता गाडीवर बसलेला असतो तोवर निरुपद्रवी असतो. आपण फडकं ठेवून तो दाबतो आणि ओढतो, तेव्हा ओरखडा उठतो.

म्हणून माझं सगळं सांगणं एकच आहे: हात लावण्याआधी जेवढी घाण पाण्याने जाईल तेवढी जाऊ द्या.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं. ती जमिनीला लागून धावते. तिचे टायर रुंद, आणि रबर मऊ, चिकट. ते रस्त्यावरचे खडे, डांबर, कचकच उचलतात आणि सरळ मागच्या फुगीर बाजूंवर आणि दाराखालच्या पट्टीवर भिरकावतात. अशा गाडीच्या मागच्या चाकापुढचा पत्रा हाताला बऱ्याचदा सँडपेपरसारखा लागतो. आणि नेमकी तीच जागा सगळ्यात देखणी, म्हणून लोक पहिलं फडकं तिथेच फिरवतात.

सुरुवात सावलीत करा. गाडी नुकतीच पळवून आणली असेल तर तिला निवू द्या. बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. ऊब लागत असेल तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी बघता बघता वाळतं आणि डाग सोडतं. पण थांबायचं त्याहून मोठं कारण ब्रेक आहेत. जोरात चालवलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्क प्रचंड तापलेल्या असतात. त्यांवर गार पाण्याचा फवारा मारला की धातू एकदम आकसतो, आणि डिस्क वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. अर्धा तास वाट पाहण्यात काहीही बिघडत नाही.

आता चाकं. चाकं आधी धुवायची, पत्रा नंतर. उलट केलंत तर चाकांवरची काळी घाण धुतलेल्या पत्र्यावर उडते, आणि तुम्ही चाकांत गुंतलेले असताना अंगावरचं पाणी वाळून डाग पडतात.

चाकांवरची ती तपकिरी-काळी पूड म्हणजे साधी धूळ नव्हे. ब्रेक पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासून निघालेले कण असतात ते, त्यात लोखंड भरपूर. गरम असतानाच ते रिमवर जाऊन चिकटतात, मग पाणी लागून गंजतात आणि लॅकरमध्ये, म्हणजे चाकावरच्या पारदर्शक थरात, रुतून बसतात. नुसत्या शाम्पूने ते निघत नाहीत. त्यासाठी लोखंड विरघळवणारं क्लीनर मिळतं. ते फवारलं की काही मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ यायला लागतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. पण तो जांभळा रंग म्हणजे लोखंडाशी रसायनाची गाठ पडल्याची खूण. वास मात्र कुजलेल्या अंड्यासारखा येतो. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा, आणि ते रसायन चाकावर वाळू देऊ नका. ओलं आहे तोवरच भरपूर पाण्याने धुऊन टाका.

इथे एक गोष्ट जपा, कारण चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही. सगळी चाकं सारखी नसतात. वर लॅकर असलेलं रंगवलेलं अलॉय बऱ्यापैकी सोसतं. पण पॉलिश केलेलं उघडं अॅल्युमिनियम, अॅनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा थर चढवलेलं चाक किंवा मॅग्नेशियमचं चाक आम्लालाही घाबरतं आणि तीव्र अल्कलीलाही. आम्ल घातलेलं जोरकस क्लीनर पाच मिनिटांत चाक लखलखीत करतं, आणि त्याच पाच मिनिटांत अॅनोडाइझिंगवर पांढरट डाग पाडतं. ते डाग मग कशानेही पुसले जात नाहीत. आपली चाकं नक्की कसली आहेत हे आधी गाडीच्या पुस्तिकेत पाहा. शंका असली तर नुसता गाडी धुण्याचा शाम्पू, मऊ ब्रश आणि थोडा जास्त वेळ. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर कुठलंही चाकाचं रसायन डिस्कवर जाऊ देऊ नका. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, रंगवलेले असले तर त्यांच्या रंगालाही तोच नियम.

चाकाच्या आत हात घालायला लांब, मऊ ब्रश घ्या, आणि त्याची मधली तार उघडी नाही ना, हे बोटाने चाचपून पाहा. रिमवर पडलेले कितीतरी चरे मी पाहिलेत ते अशा तारेचे. चाकांची बादली वेगळी, फडकी वेगळी. ती पुन्हा पत्र्याकडे आणायची नाहीत, कितीही स्वच्छ दिसली तरी.

प्रेशर वॉशर असेल तर उत्तम, पण त्याचा धाक बाळगा. पसरट फवाऱ्याचा नोझल लावा आणि पत्र्यापासून निदान हातभर लांब धरा. गरगर फिरणाऱ्या टोकदार धारेचा नोझल गाडीला लावूच नका, टायरला तर मुळीच नको. त्या धारेने टायरला आतून इजा होऊ शकते आणि ती बाहेरून दिसतही नाही. स्पोर्ट्स कारच्या नाकावर खड्यांनी उडालेले टवके असतातच. जवळून मारलेली धार टवक्याच्या कडेखाली शिरते आणि रंगाचा पापुद्रा उचलते. रंगावर लावलेल्या संरक्षक फिल्मच्या कडांचंही तसंच. इंजिन मागे असलेल्या गाडीच्या पाठीवर हवेसाठी जाळ्या असतात. त्यांच्या आत धार मारू नका. तो भाग हाताने, ओल्या फडक्याने.

नुसत्या पाण्याने धुऊन झालं की फोम. दाट फेस सगळ्या गाडीवर पसरवा आणि पाच-सात मिनिटं काहीही करू नका. वाळायला लागला तर त्याआधीच धुवा. हा भाग लोकांना निरर्थक वाटतो, कारण हात रिकामे असतात. पण त्या वेळात फेस घाणीला सैल करून खाली ओढत असतो. दाराच्या तळाशी करडे ओघळ दिसतात ना, ते सगळे तुमच्या हाताखाली न आलेले कण.

आता कुठे हात. दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा किंवा लोकरीचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून घाण सोडायची, पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. बादलीच्या तळाशी जाळी टाकली तर बसलेली वाळू परत वर येत नाही. वरून खाली या: आधी टप आणि काचा, मग बॉनेट, मग दारांचा वरचा भाग. दाराखालची पट्टी, मागचा बंपर आणि पुढची खालची धार शेवटी, शक्य असेल तर दुसऱ्या मोज्याने. हात सरळ रेषेत चालवा, गोल नको, आणि दाब मोज्याच्या वजनाएवढाच. एखादा डाग जात नसेल तर जोर न लावता त्यावर ओला मोजा मिनिटभर ठेवा. मागचा पंख बटणाने वर येत असेल तर तो उचलून खालची खाच धुवा. तिथे महिनोन् महिने माती साठलेली असते.

भांड्यांचा साबण मात्र नको. तो गाडीवरचं वॅक्स काढून टाकतो आणि गाडीच्या शाम्पूएवढा निसरडेपणाही देत नाही. त्या निसरडेपणामुळेच राहिलेला कण पत्र्यावर न घासता सटकतो.

मी शिकत होतो तेव्हा मामांची लाल गाडी धुवायला घेतली होती. मोजा हातातून निसटून जमिनीवर पडला. मी उचलला, झटकला, बादलीत बुडवला आणि पुढे चालू केलं. संध्याकाळी कलत्या उन्हात ड्रायव्हरच्या दारावर कमानीसारख्या चार रेघा दिसल्या. मामांनी नखाने चाचपून पाहिलं. तीन रेघांवरून नख घसरलं, त्या पॉलिशने गेल्या. चौथीत नख अडकलं. नख अडकलं म्हणजे चरा खोल आहे, तो पॉलिशने काढायला गेलं तर क्लिअर कोटच संपतो. "राहू दे," मामा म्हणाले. ती रेघ शेवटपर्यंत राहिली. तेव्हापासून जमिनीवर पडलेली वस्तू, मग ती मोजा असो की टॉवेल, त्या दिवशी पुन्हा माझ्या हातात येत नाही.

शेवटचं पाणी घालताना पाइपचं तोंड मोकळं ठेवा, जोर कमी करा आणि पाणी टपावरून चादरीसारखं वाहू द्या. ते उतरताना थेंबांनाही सोबत घेऊन जातं. उरलेल्या थेंबांची काळजी घ्या, कारण जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच वर्तुळ करून बसतात. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर अंथरा, हलकेच थापा आणि उचला. घासू नका. आरशांच्या आणि दिव्यांच्या फटींत लपलेलं पाणी हवेच्या ब्लोअरने निघतं. मॅट रंगाची गाडी असेल तर एवढ्यावरच थांबा. तिला पॉलिश लावलंत तर तिथे चकचकीत चट्टा उठतो आणि तो कायमचा राहतो.

पक्ष्याची विष्ठा दिसली तर पुढच्या धुण्याची वाट पाहू नका. उन्हात क्लिअर कोट मऊ होतो आणि विष्ठा वाळून कडक होते. मग गार होताना क्लिअर कोट तिच्याभोवती आवळतो आणि तिचा ठसा घेतो. ओलं फडकं त्यावर ठेवून भिजू द्या आणि अलगद उचलून घ्या.

धुऊन झालं की गाडी लगेच झाकून ठेवू नका. थोडी चालवा, हळू वेगात ब्रेक दोन-चार वेळा दाबा. लोखंडी डिस्कवर पाण्याने काही वेळातच नारिंगी गंज चढतो. पहिल्या दाबाला खरखर ऐकू येईल, मग ती थांबेल, आणि डिस्क कोरड्या होतील.

आणि मोजे, टॉवेल त्याच दिवशी धुवा, घरच्या कपड्यांपासून वेगळे. पाणी फार गरम नको, आणि कपडे मऊ करणारं द्रव्य तर अजिबात नको. ते धाग्यांवर थर धरतं आणि टॉवेल पाणी शोषेनासा होतो. वाळले की झाकणाच्या डब्यात ठेवा. जो खाली पडला असेल त्याच्या कोपऱ्याला गाठ मारा. तो यापुढे चाकांचा.

नमस्कार.