शके १९४५, सानुर

[दृश्य: पहाटेचा सानुरचा किनारा. ओहोटी. रांगेने ओढून ठेवलेल्या होड्या.]

बालीच्या किनाऱ्यावरच्या सानुरला सव्वासहाच्या सुमारास समुद्रातून सूर्य वर येतो, तेव्हा पुण्यात पावणेचार वाजलेले असतात. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत मी इथे आले आणि चार महिने राहिले. नोकरी पुण्यातलीच, टीम तीच, पगारही तोच. बदलली होती ती फक्त बसायची जागा. निदान निघताना मला तसं वाटलं होतं.

आमचं ऑफिस साडेनऊचं, म्हणजे इथले दुपारचे बारा. त्याआधीची अख्खी सकाळ माझी. समुद्रावर चालून यायचं, बाजारातून पपई आणायची, वारुंगमध्ये, म्हणजे इथल्या खाणावळीत, भात आणि फणसाची भाजी खायची आणि मग लॅपटॉप उघडायचा. पुण्यात सात वाजता काम आटपायचं, तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ. त्यामुळे कामाच्या दिवसातली संध्याकाळ मला मिळायची नाही. तरी माझं बरं होतं. कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने टेबल मिळणाऱ्या सामायिक ऑफिसात, शेजारच्या टेबलावर अमेरिकन कंपन्यांची कामं करणारी मुलं असायची. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे हंगामाप्रमाणे रात्रीचे नऊ किंवा दहा. ती मुलं पहाटे घरी जायची आणि ऊन डोक्यावर आलं तरी झोपलेली असायची.

[दृश्य: उबुडचा रस्ता, स्कूटर्सची गर्दी, मागे भातखाचरं.]

बालीत हे सगळं नवीन नाही. उबुडमध्ये २०१३ साली बांबूच्या इमारतीत 'हुबुड' नावाची कोवर्किंगची जागा सुरू झाली आणि जगभरातून लॅपटॉपवाले इथे यायला लागले. ती जागा २०२० मध्ये बंद पडली, पण लोक येतच राहिले. चांगगू भागात भातखाचरांच्या जागी व्हिला उभे राहिले. शेताच्या कडेला बसून काम करणाऱ्या माणसाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्या शेताला पाणी देणारी 'सुबाक' ही गावकऱ्यांची सामायिक पाटबंधारे व्यवस्था शेकडो वर्षं चालत आली आहे आणि २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ती मात्र त्या फोटोत दिसत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण इथेच लोक फसतात. मी आले तेव्हा रिमोट काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा नव्हता. मी भेटीचा ६० दिवसांचा व्हिसा घेतला आणि नंतर तो वाढवला. आता इंडोनेशियाने त्यासाठी 'ई३३जी' हा एक वर्षाचा व्हिसा आणला आहे. त्याला नोकरी इंडोनेशियाबाहेरच्या कंपनीत असावी लागते आणि वर्षाचं उत्पन्न किमान ६०,००० डॉलर दाखवावं लागतं. म्हणजे पन्नास लाख रुपयांहून जास्त. विमानतळावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा हा पर्यटकांसाठीच आहे, तो नोकरीसाठी धरून चालू नका. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर इंडोनेशियाच्या करखात्याच्या लेखी तुम्ही तिथले रहिवासी होता. आणि सगळ्यात आधी ऑफिसची लेखी परवानगी. मला ती मिळवायला व्हिसापेक्षा जास्त दिवस लागले, कारण क्लायंटचा डेटा देशाबाहेर उघडायचा होता.

[दृश्य: कोसचं अंगण. भिंतीवरचा विजेचा मीटर, अगदी जवळून.]

मी राहायचे त्याला इथे 'कोस' म्हणतात. अंगणाभोवती भाड्याच्या सहा खोल्या, एका कोपऱ्यात मालकिणीचं घर, दुसऱ्या कोपऱ्यात छोटंसं देऊळ. मालकिणीला सगळे इबू म्हणायचे. इबू म्हणजे आई. आपण मावशी म्हणतो तसं मोठ्या बाईला इथे कुणीही इबू म्हणतं.

हा मीटर बघा. प्रीपेड आहे. दुकानातून टोकन घ्यायचं, त्यावरचे वीस आकडे इथे दाबायचे, मग युनिट जमा होतात. युनिट संपत आले की हा टीं टीं करत राहतो. पहिल्याच आठवड्यात क्लायंटसमोर मी डेमो देत होते आणि हा सुरू झाला. इबूने अंगणातून तो आवाज ऐकला, माझ्या मीटरसाठी घेऊन ठेवलेलं टोकन आणलं आणि माझ्या दाराबाहेर उभं राहून वीस आकडे दाबले. मी मीटिंग संपवून बाहेर आले तेव्हा ती निघूनही गेली होती. पैसे द्यायला गेले तर हातावर केळी ठेवली.

[दृश्य: ब्लांजोंगचा खांब.]

कोसपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर ब्लांजोंगचं देऊळ आहे. आवारात एक दगडी खांब आहे. लेख राजा श्री केसरी वर्मदेवाचा. भाषा दोन, संस्कृत आणि जुनी बाली. लिपीही दोन, कावी आणि जुन्या वळणाची नागरी. साल, शके ८३५. म्हणजे इसवी सन ९१४. लग्नपत्रिकेत आणि पंचांगात वाचलेला 'शके' हा शब्द इतक्या दूर दगडावर भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. त्या दिवशी बाराच्या मीटिंगला उशीर झाला.

बालीचं नवीन वर्षही शकाचंच. त्या दिवसाला 'न्यपी' म्हणतात. दोन्हीकडची अधिक महिन्याची गणितं वेगळी, त्यामुळे न्यपी आणि आपला पाडवा दर वर्षी जुळत नाहीत. पण २०२३ मध्ये दोन्ही २२ मार्चला आले. शके १९४५.

आईचा आदल्या दिवशी फोन आला. "कडुनिंब मिळेल का गं तिकडे?" मी इबूला मोबाइलवर पानाचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "इंतारान." सानुरच्या या भागाचं पारंपरिक नावच इंतारान आहे. बाली भाषेत इंतारान म्हणजे कडुनिंब. डहाळी तिनेच तोडून आणली.

[दृश्य: रात्र. ओगोह-ओगोहची मिरवणूक, ढोल, पलिते.]

आदल्या रात्री मुलं ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा, खांद्यावर घेऊन रस्ताभर नाचवतात. सकाळी सहा वाजता सगळं थांबतं. पुढचे चोवीस तास विमानतळ बंद. रस्त्यावर कुणी नाही. २०१८ पासून मोबाइलचा डेटाही बंद असतो. नियम चार आहेत: आग-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. नियम पाळले जातात की नाही हे बघायला गावचे राखणदार, पेचालांग, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसून फिरतात.

मी रजा टाकली होती. पण त्याच संध्याकाळी आमच्या टीमचं रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती सुरू करायचं काम, होतं. टीम लीडने आधीच विचारलं होतं, "अगं, घरातलं वायफाय चालू असतं ना? मग पाच वाजता अर्धा तास जॉइन हो. कॅमेरा बंद ठेव."

मी हो म्हटलं.

सकाळी आतल्या व्हरांड्यात बांबूला ओढणी, डहाळी आणि स्टीलचा गडू बांधून गुढी उभारली. उन्हं उतरली तशी उतरवली. पुण्याचे पाच, इथले साडेसात. मिट्ट काळोख. खिडकीला चादर लावली, स्क्रीन मंद केला, हेडफोन घातले आणि कुजबुजत बोलायला लागले. दाराच्या वरच्या झडपेचं मात्र माझ्या लक्षात आलं नाही. फाटकापाशी एकदाच बॅटरी चमकली. मग अनवाणी पावलं आणि दारावर बोटांची हलकी टकटक.

इबू अंधारात उभी होती. रागावली नाही. दोनच शब्द बोलली. "आमाती कार्या."

आमाती म्हणजे टाळायचं, थांबवायचं. कार्या म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी चॅटवर लिहिलं, 'मला थांबावं लागतंय,' आणि लॅपटॉप मिटला. मला फार लाज वाटली. माझ्यासाठी मीटरचे आकडे दाबणाऱ्या बाईच्या घरात, तिच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मी चादरीआड काम करत होते.

[दृश्य: काळा पडदा. फक्त रातकिड्यांचा आवाज. मग आकाश.]

ती अंगणात पायरीवर बसली, मीही बसले. अमावास्या नुकतीच सरलेली. अख्ख्या बेटावर दिवा नाही. मृग पश्चिमेकडे झुकला होता, व्याध डोक्यावर होता, आणि पुण्यातून दक्षिणेला खाली दिसणारा अगस्ती इथे आकाशात अर्ध्यावर चढलेला. आम्ही एक शब्दही बोललो नाही. कामाच्या दिवसातली मला मिळालेली ती पहिली संध्याकाळ.

[दृश्य: सकाळ. पहिली स्कूटर फाटकासमोरून जाते.]

रिलीज माझ्याशिवाय झालं होतं. दुपारी बारा वाजता लॉग इन केलं आणि आधी टीमचं कॅलेंडर उघडलं. पुढच्या न्यपींच्या तारखा इबूला विचारून त्यात टाकल्या, तीनही दिवस लाल केले. ११ मार्च २०२४. २९ मार्च २०२५. १९ मार्च २०२६. शेवटची पुन्हा पाडव्याचीच.