वाचन बाविसाव्या वचनापासून

श्रोतेहो, नमस्कार.

तुम्ही ख्रिस्ती लग्नाला गेला असाल तर बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय कानावर पडलाच असेल. नवरी डोक्यावर पदर सावरत खाली बघते आहे, आणि पाळकसाहेब वाचताहेत, 'स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा.' हे बाविसावं वचन. त्याच्या लगेच वर, एकविसाव्यात, पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, 'एकमेकांच्या अधीन असा.' एकमेकांच्या! पण मी लहानपणापासून जेवढी लग्नं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत वाचन सुरू झालं ते बाविसाव्यापासूनच.

मूळ ग्रीकमध्ये तर आणखी एक गंमत आहे. अगदी जुन्या काही हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते वरच्या वाक्यातून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे एकविसावं गाळलं, तर बायकांना सांगायला तिथं 'अधीन' हा शब्दच उरत नाही.

माझी आजी बायबलबाई होती. नव्या श्रोत्यांना हा शब्द ठाऊक नसेल. मिशनच्या काळात पिशवीत शुभवर्तमान आणि गायनांचं पुस्तक घालून दारोदार जाणाऱ्या, बायकांना अक्षरओळख करून देणाऱ्या, बाळंतिणीच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्या स्त्रिया. जिथं पाळकाला उंबरा ओलांडता येत नसे, तिथं या माजघरापर्यंत पोचायच्या. आजीला स्तोत्रं तोंडपाठ. पण रविवारी ती बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसायची, आणि चाळीस वर्षांत एकदाही व्यासपीठाची पायरी चढली नाही. एकदा पाळक आजारी पडले, तर उपदेश कुणी केला? नुकत्याच मॅट्रिक झालेल्या एका पोरानं. आजीनंच त्याला बाराखडी शिकवली होती.

यावर आधार दिला जातो तो तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. स्त्रीनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, शांत राहावं. वचन आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तोच पौल फीबी नावाच्या बाईची शिफारस करतो, आणि प्रिस्किल्लेनं नवऱ्याच्या बरोबरीनं अपुल्लोसासारख्या विद्वानाला घरी नेऊन शिकवलं हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेलं आहे. नियम करताना मात्र पुढे येतं ते तीमथ्याचंच पत्र.

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांचं, म्हणजे चर्चांचं, उदाहरण ताजं आहे. प्रॉटेस्टंटांमधला हा तिथला सर्वांत मोठा संघ. १९९८ साली त्यांनी आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात पत्नीनं पतीच्या अधीन राहावं असं कलम घातलं, २००० साली पाळकपद फक्त पुरुषांचं असं ठरवलं. त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी या संघाशी नातं तोडलं. हा गृहस्थ जन्मभर संडे स्कूलमध्ये शिकवत आलेला, म्हणजे घरचाच माणूस! २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातली सॅडलबॅक ही प्रचंड मोठी मंडळी स्त्री पाळकाच्या मुद्द्यावरून बाहेर काढली गेली. पुढच्या वर्षी स्त्री पाळकांवरची बंदी थेट संघाच्या घटनेतच घालायचा ठराव आला. बाजूनं एकसष्ट टक्के मतं पडली, पण दोन तृतीयांश लागत होती, म्हणून बारगळला.

आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियानं २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना आंध्रातल्या नंद्याळच्या बिशप केलं. कॅथलिकांत धर्मगुरू पुरुषच. वेदीजवळच्या वाचक आणि सेवक या पदांवर स्त्रियांची रीतसर नेमणूक करण्याची मुभा मिळाली तीसुद्धा २०२१ मध्ये.

आणि घर? १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचार आणि शिवाय क्रूरता किंवा टाकून देणं, असं काहीतरी दुप्पट सिद्ध करावं लागे. हा कायदा बदलायला २००१ साल उजाडलं. तोवर आजीच्या पिढीतल्या किती जणी 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल' एवढ्यावर परत पाठवल्या गेल्या असतील!

या सगळ्यात मला राहून राहून पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडात वॉंटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. १८८५ साली त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. कारण काय, तर बाईनं पुरुषांना शिकवलं असं मायदेशी कळलं तर तिची पत जाईल, लोक तिला मानणार नाहीत. म्हणजे आमच्याच रूढीची काळजी साहेब आमच्यापेक्षा जास्त करत होते! रमाबाईंनी प्राचार्या डोरोथी बील यांना कळवलं की माझ्या आईनं किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांची हरकत होती, ना माझ्या नवऱ्याची, आणि आता काही इंग्रजांची आहे याचं मला नवल वाटतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्र्यांचा रोष ओढवून घेणाऱ्या बापाची. कलकत्त्याच्या पंडितांसमोर बोलून 'सरस्वती' ठरलेली. तिला पत शिकवायला निघाले होते!

पुढे पुण्याजवळच्या केडगावला, निराधार बायकांसाठी स्वतः काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. हेतू हा, की खेड्यातल्या बाईला ते वाचून कळावं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा काम जेमतेम हातावेगळं झालं होतं. छापलं गेलं ते केडगावच्याच छापखान्यात. तिथं छपाईचे खिळे जुळवायला बायका होत्या, दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा. बोटं शाईनं काळी. इफिसकरांचं एकविसावं वचन त्यांनी लावलं, बाविसावं लावलं, आणि तीमथ्याच्या पत्रातलं ते शांत राहण्याचं वाक्यही त्यांनीच, एकेक खिळा उचलून, ओळीत बसवलं.

नमस्कार.