परवाना मिळाला, भांडवलाचं काय?

(दृश्य: शिकागो. पहाटेचा अंधार, फुटपाथवर लांबच लांब रांग.)

1 जानेवारी 2020, सकाळचे सहा. इलिनॉय राज्यात आजपासून एकवीस वर्षांवरच्या कुणालाही दुकानात जाऊन गांजा विकत घेता येतो. कडाक्याच्या थंडीतही लोक उजाडायच्या आधीपासून उभे आहेत. राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारातल्या क्रमांक दोनच्या, ज्युलियाना स्ट्रॅटन कृष्णवर्णीय आहेत. त्याही आज खरेदी करतात. दिवसअखेर राज्यभरात 77,000 हून जास्त व्यवहार झालेले असतात आणि सुमारे 32 लाख डॉलर जमा झालेले असतात.

हे पैसे कुणाच्या गल्ल्यात गेले, ते समजून घ्यायचं तर दोन आठवडे मागे जावं लागेल.

(दृश्य: शिकागो महापालिकेचं सभागृह.)

18 डिसेंबर 2019. कृष्णवर्णीय नगरसेवकांच्या गटाने मागणी केली की शहरातली विक्री सहा महिने पुढे ढकला. गांजाच्या कायदेशीर विक्रीला त्यांचा विरोध नव्हता. शहरात औषधी गांजा विकणारी 11 दुकानं आधीपासून होती. नव्या कायद्याने पहिल्या दिवसापासून सर्वांना विकायची मुभा फक्त अशाच जुन्या दुकानांना दिली, शिवाय प्रत्येकाला आणखी एक दुकान काढायची सवलत दिली. त्या 11 दुकानांपैकी एकाचाही मालक कृष्णवर्णीय नव्हता. ज्या शहरात दर दहांमागे जवळपास तीन माणसं कृष्णवर्णीय आहेत, तिथली ही गोष्ट. मतदान झालं आणि मागणी 29 विरुद्ध 19 मतांनी फेटाळली गेली.

नगरसेवक इतके अस्वस्थ का होते?

(दृश्य: शहराच्या दक्षिण भागातली वस्ती, पोलिसांची गाडी.)

शिकागो ज्या कुक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतं, तिथे एकट्या 2010 साली गांजा बाळगल्याबद्दल 33,000 हून अधिक जणांना अटक झाली. म्हणजे रोज नव्वद. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच काउंटीत इतक्या अटका झाल्या नव्हत्या. 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने 2013 साली देशभरची आकडेवारी मांडली. गोरे आणि कृष्णवर्णीय गांजा जवळपास सारख्याच प्रमाणात ओढतात, पण कृष्णवर्णीयाला अटक होण्याची शक्यता देशात पावणेचार पट आणि इलिनॉयमध्ये साडेसात पट होती. अटकेची नोंद माणसाच्या पाठी लागते. नोकरीच्या अर्जात ती दिसते, घर भाड्याने देणारा ती बघतो, दोषी ठरलेल्याची शिक्षणाची सरकारी मदतही अडू शकत असे. एका खिशातल्या पुडीपायी आयुष्याची दहा-वीस वर्षं आखडून जायची.

कायदा करणाऱ्यांना हे माहीत होतं, आणि त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. राज्य सरकारचे प्रमुख, गव्हर्नर प्रिट्झकर यांनी विक्री सुरू व्हायच्या आदल्या दिवशी 11,017 जणांचे गांजाचे जुने गुन्हे माफ केले. ज्या वस्त्या अटकसत्राने पोखरल्या गेल्या, त्यांच्यासाठी कराच्या उत्पन्नातला वाटा राखून ठेवला. नव्या दुकानांचे 75 परवाने जाहीर झाले. त्यात अशा वस्तीत राहिलेल्यांना किंवा स्वतः अटक भोगलेल्यांना जादा गुण आणि अर्जाची फी निम्मी, 5,000 ऐवजी 2,500 डॉलर.

कायद्यात 'कृष्णवर्णीय' असं लिहिलेलं नव्हतं. ओहायोने परवान्यांमध्ये वांशिक राखीव जागा ठेवल्या होत्या, त्या 2018 साली न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. त्यामुळे वंशाचं नाव न घेता वस्ती आणि अटक हे निकष लावले जातात. पण निकषांना पळवाट होती. मालक कुणीही असो, दहाहून जास्त नोकर ठेवले आणि त्यातले निम्म्याहून जास्त या वस्त्यांमधले असले, की तोही त्याच सवलतीला पात्र! ज्यांच्यासाठी मालकीची दारं उघडायची होती, त्यांनी नोकर म्हणून आत यावं आणि त्यांच्या नावावर परवाना दुसऱ्यानेच न्यावा, हे कायद्यानेच चालवून घेतलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त टोचतं ते हे कलम.

(दृश्य: रिकामं दुकान, काचेवर लावलेले कागद.)

परवाने 1 मे 2020 पर्यंत मिळायचे होते. आधी कोविड आला. सप्टेंबरमध्ये यादी लागली तेव्हा नऊशेहून अधिक अर्जदारांपैकी फक्त 21 जणांना पैकीच्या पैकी गुण होते आणि सोडत तेवढ्यांचीच निघणार होती. माजी सैनिक मालक असेल तर वेगळे गुण होते. ज्यांच्याकडे असा भागीदार नव्हता, त्यांची पूर्ण गुणांची वाट तिथेच बंद झाली. आरडाओरडा झाला, खटले झाले, 2021 मध्ये कायदा बदलला, नव्या सोडती निघाल्या, त्यांवर पुन्हा न्यायालयाची स्थगिती आली. परवाने प्रत्यक्ष हातात पडायला जुलै 2022 उजाडला.

मधल्या काळात जागा हातची जाऊ नये म्हणून काही जण रिकाम्या गाळ्यांचं भाडं भरत राहिले. आणि धंदा थांबला नव्हता. 2021 या एका वर्षात इलिनॉयमधल्या जुन्या दुकानांनी सुमारे 138 कोटी डॉलरचा गांजा विकला. मोक्याच्या जागा त्यांनी घेतल्या. मूळ कायद्यात तर एका दुकानापासून 1,500 फुटांच्या आत दुसरं दुकान नको, असा नियम होता. मागून आलेल्याने जायचं कुठे?

आता पैशाचं बघू. राज्याने परवानगी दिली तरी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात गांजा अजूनही बेकायदेशीर, म्हणून बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. 1982 पासून आयकर कायद्यात 280-ई नावाचं कलम आहे. गांजाच्या दुकानदाराला भाडं, पगार, जाहिरात यांचा खर्च वजा करता येत नाही. वजा होते ती मालाची किंमत, बाकी सगळ्यावर कर. अशा धंद्यात तग धरतो तो, ज्याच्या घरात आधीच पैसा आहे. शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्त्यांना बँकांनी कित्येक दशकं घरासाठी कर्जच नाकारलं होतं. तारण ठेवायला वडिलोपार्जित घर नाही, नातेवाइकांकडे उसने मागावेत तर त्यांचीही तीच स्थिती. मग गुंतवणूकदार येतो, पैसे देतो आणि बदल्यात हिस्सा मागतो. हळूहळू धंदा बेनामी होतो.

इलिनॉयने 2023 साली 33 परवानाधारकांना मिळून 87.5 लाख डॉलरची माफ होऊ शकणारी कर्जं दिली. मदत खरी होती. पण विक्री सुरू होऊन तोवर तीन वर्षं उलटली होती.

(दृश्य: डेन्व्हर, कोलोरॅडो.)

वांडा जेम्स यांचं 'सिंपली प्युअर' हे दुकान इथलं. गांजाच्या कायदेशीर दुकानाची मालक झालेली अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्या भावाला तरुणपणी गांजापायी तुरुंगात जावं लागलं आणि टेक्सासच्या त्या तुरुंगात त्याला कापूस वेचायला लावलं गेलं. ज्या मालासाठी भावाने शिक्षा भोगली, तो बहीण परवाना घेऊन विकते. अशा कहाण्या जाहिरातींना हव्याच असतात. पण गांजाच्या धंद्याच्या बातम्या देणाऱ्या 'मारिजुआना बिझनेस डेली'च्या 2017 सालच्या पाहणीत या धंद्यातल्या मालक-संस्थापकांमध्ये कृष्णवर्णीय होते 4.3 टक्के. देशाच्या लोकसंख्येत ते तेरा टक्क्यांच्या आसपास आहेत. पोस्टरवरचा चेहरा आणि वहीतला मालक ही वेगवेगळी माणसं असू शकतात, आणि मोजायचा तो मालक.

(दृश्य: न्यूयॉर्क, ग्रिनिच व्हिलेज.)

न्यूयॉर्कने क्रम उलटा करून पाहिला. दुकानांचे पहिले परवाने ज्यांना स्वतःला किंवा घरच्यांना गांजापायी शिक्षा झाली अशांना, आणि काही सेवाभावी संस्थांना. 24 जानेवारी 2023 रोजी रोलंड कॉनर यांनी 'स्मॅक्ड' हे दुकान उघडलं. तरुणपणी गांजासाठी अटक झालेला हा कृष्णवर्णीय माणूस आता कुटुंबासोबत तोच माल कायदेशीरपणे विकत होता. भांडवलासाठी राज्याने फंड उभारला, पण त्यातल्या कर्जाच्या अटी जाचक असल्याची तक्रार दुकानदारांनीच केली. शहरभर विनापरवाना दुकानं फोफावली होती, त्यांना ना कर ना तपासणी. आणि ऑगस्ट 2023 मध्ये, हा प्राधान्यक्रमच बेकायदेशीर असल्याच्या दाव्यावरून न्यायालयाने ही योजना थांबवली.

तडजोड होऊन ती पुन्हा सुरू व्हायला वर्षाची अखेर आली. मधल्या त्या महिन्यांत शेकडो परवानाधारक दुकान न उघडता अडकून पडले होते, आणि परवाना दाखवून बँकेकडून कर्ज मिळण्याची सोय त्यांनाही नव्हती.